मास्तरांची मागची खोली

सुईत दोरा ओवण्याआधी मास्तर दोऱ्याचं टोक ओठांत धरायचे. कोट असो की वाळकं पान, सवय एकच.

गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या पँटच्या मोहरीकडे, म्हणजे पायाशी दुमडलेल्या काठाकडे बघायचे, मग तोंडाकडे.

रस्त्याने चालताना भिंतीला घासून चालायचे. समोरून कुणी आलं तर वाट त्याने सोडायची.

फटीत एकच रोप उगवलेलं असेल तर त्याला हात लावायचे नाहीत. दोन असतील तर एक घ्यायचे.

झाड दाखवायचं तर बोटाने नाही, गळ्यातल्या टेपच्या टोकाने.

विषाची बाटली कायम सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायचे. स्टुलावर चढल्याशिवाय त्यांचाही हात पोचायचा नाही.

अलीकडे कप दोन्ही हातांनी धरायचे. कुणी बघितलं तर म्हणायचे, "गरम आहे."

मास्तर शिंपी होते. रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत संसार आणि मागच्या खोलीत झाडं. म्हणजे वाळवून, दाबून, जाड कागदावर दोऱ्याने टाचलेली झाडं. कोपऱ्यात दाराएवढी लाकडी कपाटं होती. कपाटं भरली तेव्हा गठ्ठे जमिनीवर आले.

मास्तरांची शाळा लहानपणीच सुटली होती. वडिलांच्या हाताखाली काजं करायला बसले, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या एका कोटाच्या अस्तरात काटेरी बोंड अडकलेलं सापडलं. ते सुईने सोडवताना त्यांनी उजेडात धरलं. प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीक आकडा होता. कोटाला लावतात तसलाच, पण कितीतरी नेटका. वडील म्हणाले, "फेक ते." त्यांनी खिशात टाकलं. पुढचं सगळं आयुष्य त्या खिशातून निघालं असं म्हटलं तरी चालेल.

लोकांच्या कपड्यांतून बिया यायच्या. मोहऱ्यांतून, खिशांच्या शिवणींतून, मोज्यांतून. मास्तर त्या कुंडीत पेरायचे आणि काय उगवतं ते बघायचे. मग ते झाड शहरात कुठे आहे ते शोधत फिरायचे. काही वर्षांत असं झालं की पँट बघून माणूस कुठून आला ते कळायचं. एकदा एका गृहस्थांना त्यांनी सहज विचारलं, "रेल्वेच्या यार्डामागे कशाला गेला होतात? हे गवत फक्त तिथेच आहे." गृहस्थांची बायको शेजारीच उभी होती. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. समोरचा इस्त्रीवाला हा किस्सा नव्या माणसाला हमखास सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "मास्तरांकडे कपडे टाकायचे तर आधी माझ्याकडे झटकून घ्या."

बागेतल्या झाडांत त्यांना रस नव्हता. कुणी न लावलेलं, कुणाला नको असलेलं तेवढंच गोळा करायचं. गटाराच्या कडेचं, जुन्या भिंतीतलं, जळालेल्या गोदामाच्या जागेवर आलेलं. यातल्या बऱ्याच जागा आता राहिल्या नाहीत. नदीचा काठ सिमेंटचा झाला. गोदामाच्या जागी दुकानं आली. तिथलं सगळं आता फक्त मास्तरांच्या मागच्या खोलीत होतं.

झाडांची पहिली पेटी किड्यांनी खाल्ली होती. उघडली तेव्हा आत कागद आणि भुगा. मास्तर तेव्हा जेवले नव्हते. पुढे रद्दीत त्यांना एक जुनं हातपुस्तक मिळालं. त्यात उपाय दिला होता. रसकापूर, म्हणजे पाऱ्याचा क्षार, स्पिरिटमध्ये विरघळवावा आणि कुंचल्याने झाडावर फिरवावा. कीड लागणार नाही. सूचना एकच होती: बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. मास्तरांनी ती सूचना आयुष्यभर पाळली. बाटली वर राहिली. कागद गुडघ्याशी राहिले. कागदांवरचं विष बोटांना लागायचं, बोटांवरून दोऱ्याला, दोऱ्यावरून ओठांना. हे त्या पुस्तकात नव्हतं. पुस्तक लिहिणारा काही शिंपी नव्हता.

बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. खोलीला औषधाचा वास येतो एवढंच तिचं म्हणणं. ती रोज तिथे केर काढायची. कुणी विचारलं की मास्तर काय करतात, तर सांगायची, "नमुने गोळा करतात. सगळ्यात मोठा नमुना मात्र मीच सांभाळते."

एका मंगळवारी सकाळी कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहालयाच्या बाई आल्या. वयाने मास्तरांच्या लेकीएवढ्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की एका शिंप्याकडे शहराची जुनी झाडं आहेत. पहिला गठ्ठा सोडला आणि त्या खाली बसल्याच. "हे नदीकाठचं आहे? खरंच? आमच्याकडे याचं नुसतं नाव आहे, मास्तर. पान नाही."

मास्तरांना त्या क्षणी काय वाटलं ते त्यांनाच माहीत. ते म्हणाले एवढंच, "बसा ना नीट. चहा ठेवायला सांगतो."

बाईंनी दुसरा गठ्ठा सोडला. मग थांबल्या. कागदाच्या कडेला करडे डाग होते. त्यांनी पिशवीतून रबरी हातमोजे काढून घातले.

"याला काय लावता?"

मास्तरांनी सांगितलं.

"हात पुढे करा." मास्तरांनी केले. हात थरथरत होते. "हे कधीपासून?"

"वय झालं आता."

"वय नाही हे." बाई हळू बोलत होत्या. "आम्ही हे वापरणं कधीच सोडलं. हा पारा कागदात राहत नाही, मास्तर. हवेत येतो, धुळीत बसतो, फटींत साठतो. घरात लहान मूल आहे? गरोदर कुणी?"

"मी आणि बायको," मास्तर म्हणाले.

ते खोटं नव्हतं. सकाळी तरी नव्हतं. लेक दुपारच्या गाडीने येणार होती. तिला सातवा महिना होता. जावई दूर बांधकामावर, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं की एकटीने राहू नका.

"शनिवारी आमची गाडी आणते," बाई म्हणाल्या. "सगळं नेऊ. आमच्याकडे याची सोय आहे. तोवर खोली बंद ठेवा. झाडू मारायचा नाही. आणि विस्तव तर जवळपासही नको. हे तापलं की सरळ छातीत जातं."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांनी हिशेब केला तो असा. बायकोला सांगितलं तर शनिवार उजाडायच्या आत सगळं कचऱ्याच्या गाडीत जाईल. न सांगितलं तर चार दिवस दार बंद ठेवायचं, बस. चार दिवसांत काय होतंय?

मागच्या खोलीला त्या दिवशी पहिल्यांदा कुलूप लागलं.

"सोनं सापडलं की काय?" बायकोने विचारलं.

"कॉलेजवाले नेणार आहेत शनिवारी. नीट लावून ठेवलंय. उगाच हलायला नको."

दुपारी लेक आली. आली ती सरळ मागे निघाली. लहानपणी तिने सगळा अभ्यास त्याच खोलीत, गठ्ठ्यांवर पाटी ठेवून केला होता. "बाबा, कुलूप? माझ्यासाठी पण?"

"सगळ्यांसाठी."

"बघ की गं आई. झाडं झाली लाडकी, आम्ही परके."

ती हसत होती. मास्तरांनाही हसावं लागलं. रसकापूर त्यांच्या नखांत होता आणि लेक त्यांचा हात धरून आपल्या पोटावर ठेवत होती. "लाथ मारतंय बघा." त्यांनी हात झटकन काढला. म्हणाले, "मशीनचं तेल लागलंय." मोरीत जाऊन ते बराच वेळ हात धूत राहिले.

पुढचे दिवस कसे गेले ते घरातल्या दोघींना कळलं नाही, मास्तर मात्र एकेक दिवस मोजत होते. दाराखालच्या फटीत त्यांनी ओलं फडकं कोंबलं. बायको म्हणाली, "आता दारालाही सर्दी झाली का?" थंडीत खिडक्या सताड उघड्या ठेवायला लागले. लेक स्वेटर घालून बसायची. तिचं रात्रीचं अंथरूण त्यांनी पुढे दुकानात घातलं, कापडाच्या ठाणांशेजारी.

"गरोदर पोर रस्त्याच्या दारात झोपवायची?" बायको कडाडली. "मागे ऊन येतं. तुमचे कागद हलवा आणि तिची खाट तिथे टाका."

"शनिवारनंतर."

"शनिवार, शनिवार! तुमचा शनिवार आहे की साडेसाती?"

दोनदा त्यांनी तोंड उघडलं. एकदा बायको भांडी घासत असताना. "अगं, ऐक," म्हणाले. तिने मागे वळून बघितलं. ते म्हणाले, "काही नाही. मीठ कमी होतं." दुसऱ्यांदा लेक समोर बसून बटणं लावून देत होती. तिनेही दोरा ओठांत धरला. बापाचीच पोर. मास्तरांनी तिच्या हातातून सुई ओढून घेतली. ती बघतच राहिली. "डोळ्यांवर ताण पडेल," ते म्हणाले. सत्य जिभेच्या टोकावर होतं. तिथेच राहिलं.

शनिवारी गाडी आली नाही. सकाळ गेली, दुपार झाली. मास्तर दारात उभे. मशीनवर अर्धी बाही तशीच. शेवटी चपला घालून निघाले. घरातून फोन करायची सोय नव्हती. म्हणजे फोन होता, पण भिंतीआड दोघी होत्या.

कॉलेज लांब होतं. बाई व्हरांड्यातच भेटल्या. "अहो, मी निरोप पाठवणारच होते. गाडी दुसरीकडे गेली. सोमवारी नक्की." मग त्यांनी मास्तरांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "घरी सगळं ठीक आहे ना? दोघंच आहात ना?"

आता मात्र ते खोटं होतं. मास्तर ते बोलले.

परत येताना त्यांनी भिंतींकडे बघितलंही नाही. रस्त्याच्या मधून चालले. अजून दोन दिवस. आज सांगावं. नाही, उद्या सकाळी. दोन दिवसांसाठी आता कशाला? त्यांचं त्यांनाच कळत होतं की आपण स्वतःशी घासाघीस करतो आहोत आणि भाव लेकीचा लावतो आहोत.  तरी चालत राहिले.

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याने हाक मारली. "मास्तर, आज मागच्या खिडकीतून धूर! बरं वाटलं. म्हटलं, खोलीला माणसं लाभली एकदाची."

मास्तरांचा हात खिशात गेला. किल्ली नव्हती. किल्ली जाकिटात होती आणि जाकीट मशीनजवळच्या खुंटीला.

ते पळाले. त्या वयात, एवढं चालून आलेल्या पायांनी.

मागची खोली उघडी होती. बायकोने पदर खोचून गठ्ठे एका भिंतीला रचले होते. जमीन स्वच्छ झाडली होती. उन्हाच्या पट्ट्यात लेकीची खाट. खाटेपुढे लोखंडी शेगडी पेटलेली. लेक पाय खाली सोडून, दोन्ही हात निखाऱ्यांवर धरून बसली होती. शेगडीशेजारी वर्तमानपत्रांचा ढीग होता. औषध लावलेली झाडं वाळवायला त्यांतच गुंडाळायची, वर्तमानपत्रं ओली झाली की नवी घ्यायची. तीच ती जुनी, ओली झालेली. किती वर्षांचं विष त्यांनी पिऊन ठेवलं होतं. बायको त्यातलंच एक चुरगाळून शेगडीत टाकत होती.

"बाहेर!" मास्तर ओरडले. "दोघी बाहेर! आत्ता!"

"अहो, झाडांना धक्का नाही लावला, ही नुसती रद्दी..."

त्यांनी शेगडी दोन्ही हातांनी उचलली. फडकं न घेता, तापलेलीच. अंगणात नेऊन उपडी केली. तळव्यांची कातडी तिच्यावर राहिली. परत येऊन लेकीला दंडाला धरून उठवलं आणि बाहेर ढकललं असं म्हणायला हवं, कारण ती भिंतीला धडकली.

"कागदांसाठी पोरीला ढकलता?" बायकोचा आवाज फाटला. "वेड लागलंय तुम्हाला! चार कागदांसाठी?"

"विष आहे त्यात," मास्तर म्हणाले. "पारा. कागदांत, धुळीत, सगळीकडे. धुरात सगळ्यात जास्त."

 उपड्या शेगडीखालून धूर येत होता. मास्तरांनी त्यावर बादली ओतली.

लेकीने विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून लावतोय. किडीसाठी."

"ते नाही विचारलं. तुम्हाला कधी कळलं?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. तिच्याकडून आज काही आधार मिळणार नव्हता.

"मंगळवारी. सकाळी."

"मी दुपारी आले."

"हो."

ती ओरडली नाही. रडलीही नाही. एक हात पोटाखाली धरून दारापाशी गेली आणि चपला घालायला लागली. पट्टा लागत नव्हता. पोट आड येत होतं. मास्तर खाली बसले, पट्ट्याला हात घातला. भाजलेला, थरथरता.

तिने पाय मागे घेतला. म्हणाली, "हात धुतलेत?"

दोघी त्याच संध्याकाळी मावशीकडे गेल्या. डॉक्टरांनी तिघांचंही रक्त तपासायला घेतलं. लेकीच्या अंगात पारा थोडा निघाला. डॉक्टर म्हणाले, लवकर बाहेर पडलात, पण बाळ होईपर्यंत नक्की कुणीच सांगू शकणार नाही. बायकोच्या अंगात बराच निघाला. मास्तरांचा आकडा बघून डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही चालत आलात?"

सोमवारी गाडी आली. तोंडाला जाड मुखवटे बांधलेली माणसं आत गेली आणि गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून बाहेर आणू लागली. एवढं आयुष्य तासा-दीड तासात रस्त्यावर आलं. मास्तर हातांना पट्ट्या बांधून समोर इस्त्रीच्या दुकानात बसले होते. बाई शेवटी आल्या. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं होतं. "तुम्ही म्हणालात, दोघंच आहोत," एवढंच त्या बोलल्या. झाडांबद्दल बोलल्या नाहीत. मास्तरांनीही विचारलं नाही.

लेकीला मुलगी झाली. वजन जरा कमी, रडणं खणखणीत. डॉक्टर म्हणाले, आज तरी सगळं बरं दिसतंय. वाढताना लक्ष ठेवा. बायको डबा घेऊन यायची तेव्हा दाराबाहेरूनच बातमी सांगायची. आत पाऊल टाकायची नाही. एक दिवस म्हणाली, "तिने निरोप दिलाय. ती खोली धुऊन, खरवडून कोरी झाल्याशिवाय बाळ या घरात येणार नाही. झाल्यावर मात्र आणीन म्हणाली."

"असं म्हणाली? आणीन म्हणाली?"

"म्हणाली. आणि रांगायच्या आत झालं तर बरं. एकदा रांगायला लागलं की पोर सगळं तोंडात घालतं."

मास्तर कॉलेजात गेले. बाईंकडून सगळं नीट समजून घेतलं. कोरडं काही करायचं नाही. आधी भिंत भिजवायची, मग गिलावा खरवडायचा, ओल्या पोत्यात भरायचा. जमिनीच्या फळ्या उपटायच्या, कारण खरं विष फळ्यांच्या फटींत. बाईंनी मुखवटा दिला, हातमोजे दिले आणि स्पष्ट सांगितलं, "हे काम तुम्ही करायचं नाही. तुमच्या अंगात आता जागा नाही."

इस्त्रीवाला म्हणाला, "दोन मजूर लावू. दुपारपर्यंत खेळ खलास."

"आणि त्यांच्या घरी पोरं नसतील?" मास्तर म्हणाले.

त्यांनी स्वतःच सुरुवात केली. भिंत भिजवायची, थोडं खरवडायचं, दारात येऊन बसायचं. हात थरथरायचे म्हणून खरवडणी मनगटाला पट्टीने बांधून घ्यायचे. शिवणकाम बंद झालं. तिकडे बाळ पालथं पडायला लागलं. इकडे दुसरी भिंत झाली. बायको बाहेरून ओरडायची, "पुरे आता, तोंड बघा आरशात!" तोंड सुजलेलं असायचं, पायही. मूत्रपिंडं साथ सोडत होती. एकदा ती म्हणाली, "बसायला लागली हो." मास्तरांनी विचारलं, "आधाराने की एकटी?" "आधाराने." मास्तर लगेच आत गेले. त्या दिवशी त्यांनी फळ्या उपटल्या.

तिसऱ्या भिंतीपासून ते खालून वर जाऊ लागले. आधी रांगत्या पोराचा हात पोचेल तिथवर. मग उभ्या पोराचा.

एका सकाळी बायको डबा घेऊन आली. हाक मारली, ओ आली नाही. ती दारातच थांबली, मग आत गेली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मास्तर चौथ्या भिंतीला टेकून बसलेले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास होता, एवढंच.

चौथी भिंत राहिली. जमिनीपासून कमरेपर्यंत ती खरवडलेली आहे, आतल्या विटा दिसतात. वर जुना गिलावा तसाच आहे, औषधाच्या करड्या ओघळांसकट. खाली फळ्या नाहीत, उघडी माती. मास्तरांनी मापाने कापून आणलेल्या नव्या फळ्या अंगणात उभ्या आहेत. एकही ठोकलेली नाही.